आईचा शनिवार

आमच्या बेटावरच्या या गावात घरं ऐंशी आणि चर्च पाच. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. मोठं पांढरं चर्च गावाच्या मधोमध, त्याला लागून मेथडिस्ट, टेकाडावर कॅथलिक, वळणावर मॉर्मन आणि जिथे डांबर संपतं तिथे, पार टोकाला, आम्ही. बाकीचे चौघे एकमेकांना कितीही पाण्यात बघोत, रविवारच्या बाबतीत त्यांची एकी. पहाटे घराघरांतून उमूचा, म्हणजे दगडांच्या चुलीचा, धूर निघतो, तापल्या दगडांवर नीरफणस आणि डुकराचं मांस भाजत पडतं, मग घंटा होतात आणि सगळं गाव पांढरेशुभ्र कपडे घालून निघतं. रविवारी गावातून बस जाऊ द्यायची नाही, समुद्रात उतरायचं नाही, गवत कापायचं नाही, हा गावपंचांचा नियम. आम्ही मात्र शनिवारवाले. तुम्हाला देवाघरी एक दिवस आधी पोचायची घाई, असं लोक आम्हाला चिडवायचे.

हा शनिवार गावात माझ्या बाबांनी आणला. त्यांचं नाव पेनियामिना. तरुणपणी ते राजधानीत, आपियाच्या गोदीत कामाला होते, तिथे त्यांना कुणीतरी पटवलं की देवानं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला आणि तो सातवा दिवस म्हणजे शनिवार. बाबांना एकदा पटलं की संपलं. गावी आले ते शनिवार घेऊनच, आणि आल्या आल्या सालोताच्या प्रेमात पडले. सालोता म्हणजे माझी आई. मोठ्या चर्चच्या कारभाऱ्याची मुलगी, गाण्यात पुढे, रविवारी पहिल्या बाकावर. तिनं बाबांसाठी रविवार सोडला. सोडला म्हणजे काय हे मला कळलं ते माझी आजी, आईची आई, गेली तेव्हा. मी नऊ वर्षांची होते.

आजीला शनिवारी पुरलं. आमच्याकडे मयताच्या घरी लेकीनं काय काय करायचं असतं ते मी सांगत बसत नाही. चटया अंथरायच्या, आल्यागेल्याला वाढायचं, उष्टी उचलायची. आई त्या दिवशी मागच्या खांबाला टेकून नुसती बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. शब्बाथ होता, विसाव्याचा सातवा दिवस, कामाला हात लावायचा नव्हता. माझी मावशी तिच्या समोरून भरलेली पातेली घेऊन दहा वेळा गेली आणि अकराव्या वेळी म्हणाली की उठू नकोस हो, मेलेली तुझी कोण लागते. आई उठली नाही. त्यानंतर मावशी मरेपर्यंत आईशी बोलली नाही, आणि माहेरचं दार दोनशे पावलांवर असूनही आईला बंद झालं. एक्कावन्न वर्षांत आईचा एकही शनिवार चुकला नाही. तापात नाही, बाळंतपणात नाही, वादळात छप्पर उडालं तेव्हाही नाही.

मग सरकारनं एक दिवस काढून टाकला.

थट्टा नाही करत. २०११ सालच्या डिसेंबरात आम्ही गुरुवारी झोपलो आणि उठलो तो शनिवारी. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाशी व्यापार करायचा तर त्यांचा नि आपला वार एक हवा, आपण एक दिवस मागे राहून कसं चालेल, असं सरकारचं म्हणणं. तारखेची रेषा आमच्या बेटांच्या पलीकडे सरकवली आणि शुक्रवार नावाचा दिवस त्या आठवड्यात आलाच नाही. बाकीच्या चार चर्चना काही फरक पडला नाही. रविवार म्हटलं की रविवार, पाटी बदलली काय नि नाही काय. पण आम्ही मोजणारे लोक. सहा दिवस मोजायचे आणि सातवा पाळायचा. गुरुवारनंतर जो दिवस उगवला तो मोजणीनं सहावा, मग सरकार त्याला शनिवार म्हणो की आणखी काही. म्हणजे सातवा कुठला आला? ज्याला आता सगळे रविवार म्हणतात तो.

आमच्या पाळकांनी असंच ठरवलं, आणि बाबांना ते तत्क्षणी पटलं. सरकारला कॅलेंडर बदलता येतं, देवाचा आठवडा नाही, असं ते येईल-जाईल त्याला ऐकवायला लागले. आईनं सगळं ऐकून घेतलं. ती तेव्हा चटई विणत बसली होती, मान वर न करता म्हणाली, ‘मी माझ्या आईचा रविवार तुमच्यासाठी सोडला. आता तुम्ही मला रविवारी चर्चला चला म्हणताय?’

‘अगं, तो रविवार नाहीच. नाव रविवार आहे. मोजून बघ.’

‘मोजा तुम्ही. मोजणीमास्तर.’

झालं. शनिवारवाल्यांचे दोन तुकडे पडले. आमच्या चर्चमधली बहुतेक माणसं बाबांबरोबर रविवारी जायला लागली. आई आणि आणखी सहा बायका शनिवारीच अडून राहिल्या. त्यांना चर्च मिळेना, म्हणून आईच्या मैत्रिणीच्या, माकेलिताच्या, पत्र्याच्या पडवीत त्या बसू लागल्या. सरकारनं शुक्रवार नेला तो गेलाच, पण आमच्या घरातली शुक्रवारची संध्याकाळही घेऊन गेला. शब्बाथ आदल्या संध्याकाळीच लागतो, म्हणून आधी शुक्रवारी सूर्य बुडला की आम्ही तिघं गुडघे टेकून शब्बाथचं गाणं म्हणायचो. आता आई शुक्रवारी एकटी म्हणायची नि बाबा शनिवारी एकटे. शनिवारी बाबा मळ्यात खणायला जायचे ते आईच्या समोरून, आणि रविवारी आई चटईसाठी केवड्याची पानं सोलत बसायची ती बाबांच्या समोर. सहा वर्षं हे चाललं. भांडण म्हणाल तर कधी आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला फार वेळा वाटलं.

आणि मी? मी फुआतिनो, गावच्या शाळेत पहिलीला शिकवते. लग्न केलं नाही, दोघांची उस्तवार माझ्याकडे. पोरांकडून सातही वार घोकून घेणं हे माझं काम, आणि घरात मी कुठला वार पाळते म्हणाल तर शनिवारी आईला सोडायचं, रविवारी बाबांना. दोन्ही दिवस स्वयंपाक करायचा नाही, म्हणून शुक्रवारी दोन दिवसांचा उरकायचा. देवानं मला विसावा दिला तो असा.

साखरेनं आधी आईची दृष्टी नेली, मग मूत्रपिंडं धरली. २०१७ साली, पाऊसपाण्याचे दिवस संपता संपता, ती पंधरा दिवस दवाखान्यात होती. त्यातले आठ-दहा दिवस तिला शुद्धच नव्हती. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि घरी न्या म्हणाले. कळलं मला. बाबांनाही कळलं. चुलतभाऊ लाफाएले पिकअप घेऊन आला, मागच्या बाजूला गादी टाकली, आईला निजवलं, दोन बाजूंना आम्ही दोघं. तो बुधवार होता. गाडी सुरू झाल्यावर आईनं विचारलं, ‘आज वार कुठला?’

माझं तोंड उघडलं होतं. बाबा म्हणाले, ‘मंगळवार.’

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आई बोटांवर मोजत होती. ‘म्हणजे चार दिवस आहेत शनिवारला,’ ती म्हणाली आणि समाधानानं डोळे मिटले. मी तिथेच बोलायला हवं होतं. एक शब्द. पहिलीतलं पोर चुकलं तर मी लगेच टोकते. पण इथे गाडी हलत होती, आई थकली होती, उद्या सांगू असं वाटलं, आणि ‘उद्या सांगू’ म्हटलेलं कधी सांगितलं जातं का?

बाबांनी गाडी घराकडे नेऊच दिली नाही. वर मळ्यातल्या खोपटाकडे घ्यायला लावली. तिकडे गार वाटेल तिला, म्हणाले. गार होतंच. गावापासून तासाभराची चढण, आजूबाजूला तारोच्या कंदांचे वाफे नि नारळ, वारा मोकळा. मी चटया अंथरल्या, मच्छरदाणी बांधली, आणि संध्याकाळी प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे कुठलीच घंटा ऐकू येत नाही. उमूचा धूर येत नाही. बस नाही, पोरं नाहीत. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला वार कळेल असं काहीही नाही. इतकं सगळं त्यांनी ठरवून केलं होतं आणि मी चटया अंथरत बसले होते.

बाहेर जाऊन मी त्यांना धरलं. बाबा, हे पाप आहे, म्हटलं. बाबा शांतपणे म्हणाले की खोटं ते काहीच बोलले नाहीत. सरकारनं ढवळाढवळ केली नसती तर आज मंगळवारच असता. जुन्या मोजणीनं मंगळवारच आहे. आईला त्यांनी तिचा जुना आठवडा परत दिलाय, एवढंच. मी म्हटलं, मग हे तिला सांगा ना. त्यावर त्यांचा चेहरा असा काही झाला की मला त्यांच्याकडे बघवेना.

‘तिनो, सहा वर्षं मी तिच्या शेजारी बसून गायलो नाही. डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत? एकच शब्बाथ मिळेल मला. एक. तो तरी बरोबर होऊ दे.’

पंचाहत्तर वर्षांचा माणूस बायकोशेजारी बसायला मागत होता. मी आत गेले आणि आईचे पाय चेपत बसले. ती म्हणाली, ‘उद्या बुधवार ना गं?’ मी म्हटलं, ‘हो.’ आता ते खोटं माझंही झालं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. आई रोज आपल्या हिशेबानं एक दिवस मागे चालत होती. माकेलिता भेटायला यायचं म्हणत होती, तर बाबांनी लाफाएलेकडून निरोप धाडला की सालोताला श्रम सोसत नाहीत, चार दिवसांनी या. मग शनिवार उजाडला. खरा शनिवार. आईच्या लेखी शुक्रवार. सकाळी तिला हुशारी वाटली, उशीला टेकून बसली आणि म्हणाली, ‘माझी चटई दे. आज अंधार पडायच्या आत कड पुरी करते, उद्या शब्बाथ.’

मी म्हटलं, आई, राहू दे, दमशील. ती हसली. हात चालतात तोवर चालू देत, म्हणाली. मी म्हटलं, सोमवारी कर. सोमवार कुणी बघितलाय, म्हणाली. मी दिली चटई. दिली हो. आणि तिच्यासमोर बसून बघत राहिले. तिच्या आंधळ्या बोटांना ती पानं बरोबर सापडत होती, एक वर, एक खाली. स्वतःच्या आईच्या मयताला ज्या हातांनी ताटली उचलली नाही, ते हात शनिवारी काम करत होते, आणि ते तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. दर ओळीला वाटायचं आता सांगावं. सांगितलं तर तिला कळणार की आपण शब्बाथ मोडला, आणि आत्तापर्यंत विणलेल्या ओळी काही मागे घेता येणार नाहीत. नाही सांगितलं तर ती आणखी विणणार. बाबा दारात आले, त्यांनी बघितलं, आणि खुरपं घ्यायच्या निमित्तानं निघून गेले. दुपारी तीनपर्यंत तिनं कड पुरी केली. माझ्याकडून टोकं कापून घेतली आणि छान झाली का म्हणून विचारलं. मी छान म्हटलं.

सूर्य बुडला तसे बाबा न्हाऊन, पांढरे कपडे घालून आत आले आणि तिच्या शेजारी बसले. त्यांनी शब्बाथचं गाणं सुरू केलं. आई चपापली. मान वळवून ऐकत राहिली. पहिलं कडवं त्यांनी एकट्यांनी म्हटलं, दुसऱ्याला तिचा आवाज मिसळला. बारीक झाला होता पण सुरात होता. मी कोपऱ्यात उभी होते, माझ्याच्यानं गाववेना.

दुसरा दिवसभर बाबा तिच्यापासून हलले नाहीत. गावात मोठ्या घंटा झाल्या असतील, उमू पेटले असतील. इथे फक्त वारा. आदल्या दिवशी शिजवून ठेवलेला तारो आणि नारळाच्या दुधातली अळूची पानं त्यांनी स्वतः तिला भरवली. शास्त्रवचन वाचलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्या दोघांना एकमेकांची थट्टा करताना ऐकलं. मला वाटायला लागलं की बाबांचंच बरोबर असेल, आपण उगाच जीव खाल्ला. आणि दुपारच्या प्रार्थनेनंतर आईनं त्यांचा हात चाचपून हातात घेतला.

‘आलात शेवटी,’ ती म्हणाली. ‘माझ्या शनिवारी आलात. मला वाटलं नव्हतं हो.’

बाबांनी तिची उशी सारखी केली.

‘लोक नावं ठेवतील तुम्हाला. तुमचे पाळक विचारतील.’

‘विचारू देत,’ बाबा कसेबसे म्हणाले.

‘तुम्ही एक पाऊल आलात, आता मी येते. उद्या रविवार. मला उद्या तुमच्या चर्चमध्ये न्या. तुमच्या शेजारी बसते.’

मी बाबांकडे बघितलं. त्यांना हे सुचलंच नव्हतं. एकच शब्बाथ दोघांनी बरोबर पाळायचा एवढंच त्यांनी योजलं होतं, पण आईच्या बाजूनं बघितलं तर ते तिच्याकडे आले होते, सहा वर्षांनी मान तुकवून आले होते. आणि ती उलट आपली मान तुकवत होती. सरळ येऊन शनिवारी तिच्याजवळ बसले असते तर आजचा रविवार तिनं आपणहून दिला असता. तो आत्ता चालू होता, आणि ती उद्याचा देत होती.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, आत्ता सांगा, अजून दिवस बुडाला नाही, आत्ता उचलून खाली नेऊ, तुमचे लोक संध्याकाळच्या प्रार्थनेला जमतील. बाबा नुसते मान हलवत होते. सांगितलं तर ‘आलात शेवटी’ परत घेईल ती, म्हणाले. माझ्याच्यानं ते होणार नाही. मी म्हटलं मी सांगते. त्यांनी माझे हात धरले. बाबांनी कधी माझे हात धरलेले नव्हते. मी नाही सांगितलं. भेकड तर भेकड.

सोमवारी सकाळी आईला पांढरे कपडे घातले, डोक्यावर तिची गवताची हॅट ठेवली. लाफाएलेला काय सांगायचं ते बाबांनी सांगितलं होतं, तो गाडी हळू चालवत होता. चर्चची किल्ली बाबांकडेच असायची. पण गावाच्या तोंडाशी आलो आणि मला घाम फुटला. सोमवार तो सोमवार. शाळेत पोरं आरडाओरडा करत होती, माझाच वर्ग असणार, मी रजेवर म्हणून मोकाट सुटलेला. कुणीतरी यंत्रानं गवत कापत होतं. आपियाच्या बोटीला जाणारी बस गाणी लावून, भोंगा वाजवत शेजारून गेली. आई गादीवर बसून होती. बसच्या आवाजाकडे तिनं मान वळवली.

चर्चमध्ये तिला पुढच्या बाकावर टेकवून बसवलं. एका बाजूला बाबा, एका बाजूला मी. मागे सगळी बाकं रिकामी. बाबांनी प्रार्थना सुरू केली, आवाज भिंतींवर आपटून परत यायला लागला.

‘माणसं कमी दिसतायत तुमच्याकडे,’ आई म्हणाली.

‘हो,’ बाबा म्हणाले. ‘कमी झालीत.’

आईनं मान माझ्याकडे वळवली. ‘तिनो, गावातून बस गेली. आज वार कुठला?’

मी सांगितलं. सोमवार. तिनं बोटं उघडली, एकेक मिटत मागे गेली. रविवारवर थांबली, मग शनिवारवर आली आणि तिथे तिचं बोट राहिलं.

‘मी चटई विणली,’ ती म्हणाली.

बाबा बोलायला लागले. जुनी मोजणी, देवाचा आठवडा, सातवा दिवस, सगळं एकामागून एक, धाप लागेपर्यंत. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते. ती म्हणाली, ‘घरी न्या. खालच्या घरी. मला ऐकू येईल तिथे.’

खालच्या घरी आणलं, पण आता ती झपाट्यानं खालावली. तास तास झोपायची, जागी झाली की पहिला प्रश्न वार कुठला. मी सांगायची, ती मान डोलवायची, आणि मग आल्यागेल्याला तेच विचारायची. पाववाल्याला विचारलं. रस्त्यावरून जाणाऱ्या पोरांना हाक मारून विचारलं. रेडिओ लावायला सांगायची आणि बातम्या सुरू होईपर्यंत झोपून जायची. माझ्या शब्दावर तिचा विश्वास उरला नव्हता. तिचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. रविवारी निदान घंटा होते, धूर येतो, बस बंद असते. आमच्या गावात शनिवारला स्वतःचा असा आवाजच नाही. तो मंगळवारसारखाच वाजतो.

बाबांनी त्या आठवड्यात काय केलं ते मला मागाहून कळलं. पाळकांकडे जाऊन सांगून आले की या शनिवारी मी बायकोबरोबर शब्बाथ पाळणार. पाळक म्हणाले, मग किल्ली ठेवून जा. बाबा ठेवून आले. एक्कावन्न वर्षांपूर्वी जे चर्च त्यांनी उभं केलं, त्याची किल्ली.

शुक्रवारी सूर्य बुडता बुडता ते आत आले. ‘सालोता,’ ते म्हणाले, ‘शब्बाथ लागला. आता शनिवार. तुझा.’

आईनं डोळे उघडले. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘हा तुमचा.’

‘माझा नाही गं. देवाशपथ शनिवार.’

‘मागेही शपथेवर सांगितलं असतंत तुम्ही.’

मी गुडघे टेकून तिच्या कानाशी सांगितलं, आई, आज शुक्रवारची संध्याकाळ आहे, उद्या शनिवार, मी खरं सांगते. तिनं माझ्या गालावर हात ठेवला. मायेनं ठेवला. ‘पोरांना वार शिकवतेस ना तू?’ एवढंच म्हणाली.

शनिवारी सकाळी मी पळत जाऊन माकेलिताला आणलं. साही जणी आल्या, खोलीभर बसल्या, गाणं म्हटलं. बाबा त्यांच्यात मागे बसून गात होते, डोळे गळत होते. आईचे ओठ मिटलेले. माकेलितानं तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं की सालोता, मी तुला कधी फसवलंय का, शनिवार आहे आज, आमच्याबरोबर म्हण. आईनं तिचा आवाज ओळखला.

‘तुलाही आणलं का त्यांनी?’ ती म्हणाली. ‘तू तरी यायचं नव्हतंस गं.’

माकेलिता तोंडावर हात धरून उठून गेली. बाकीच्या गात राहिल्या, कारण दुसरं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. बाबा सरकत पुढे आले आणि आईच्या शेजारी बसले. तिनं हात काढून घेतला नाही. बारा वाजले असतील, तेव्हा ती मला म्हणाली की मी जरा पडते, उगाच या सगळ्यांना अडकवून ठेवू नकोस, कामं असतील.

‘आणि शनिवार आला की मला उठव,’ ती म्हणाली. ‘या खेपेला खरा.’

‘उठवते,’ मी म्हटलं.

तीनच्या सुमारास ती गेली. बाहेर रस्त्यावरून बस गेली तेव्हा बाबा अजून गात होते, त्यांना कळलं नव्हतं.